आयआरक्यू चार, राहणार देवनार

आमच्या कॉम्प्युटरमध्ये माऊस आणि मोडेम एका वेळी कधी जिवंत नसायचे. मोडेमने नंबर फिरवायला घेतला की पडद्यावरचा बाण जिथे असेल तिथे थिजायचा. मी माऊस टेबलावर घासायची, आपटायची, उलटा करून त्याच्या पोटातली रबरी गोळी काढून फुंकर मारायची. बाण ढिम्म. बरं, फोन तोडावा म्हटलं तर तोडायचं बटण पडद्यावर. ते दाबायला माऊस हवा, आणि माऊस हवा असेल तर आधी फोन तोडायला हवा. शेवटी मी टेलिफोनची वायर भिंतीतून उपटायची. वायर उपटली रे उपटली की माऊस टुणटुणीत. मघाशी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाण पडद्यावर बागडायला लागायचा.

हे १९९७ सालचं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईत इंटरनेट सुरू केलं, त्याला जेमतेम दोन वर्षं होत होती. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या वायरीतून किंचाळत घरात यायचं, आणि आतल्या खोलीत सासूबाईंनी जोडफोन उचलला की निघून जायचं. 

"अगं, फोनमध्ये कुणीतरी रडतंय."

"आई, ठेवा तो फोन. इंटरनेट आहे."

"मग त्याला आधी बोलून घेऊ दे. मी नंतर करते."

स्थळ देवनार. उरलेल्या मुंबईला देवनार म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात: १९२७ पासूनचं डम्पिंग ग्राउंड आणि १९७१ पासूनचा कत्तलखाना. आम्ही देवनारकर लग्नपत्रिकेत पत्ता 'चेंबूर' असा छापतो तो काही उगीच नाही. पण देवनारात एक तिसरंही उत्पादन होतं, ते म्हणजे प्रबंध. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ मध्ये इथे आली, आणि लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्थाही इथलीच. या दोन्ही ठिकाणच्या मुलामुलींना शेवटच्या आठवड्यात प्रबंध टाईप करून देणारं कुणीतरी लागायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. गोवंडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला, तळमजल्यावरच्या आमच्या पुढच्या खोलीवर पाटी होती: 'टायपिंग, डीटीपी, लॅमिनेशन. झेरॉक्स मिळणार नाही.' त्यातला 'झेरॉक्स' एवढाच शब्द वाचून निम्मी गिऱ्हाइकं आत यायची.

कॉम्प्युटर लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून आणलेला होता. असेंबल म्हणजे मदरबोर्ड एका दुकानातला, हार्डडिस्क दुसऱ्या, मॉनिटर तिसऱ्या, आणि वॉरंटी विचारली तर तिन्ही दुकानं बंद. सुरुवातीला तो बिचारा नुसता टाईप करायचा. मग एका विद्यार्थ्याचे मार्गदर्शक परदेशी गेले, त्यांना प्रकरणं ईमेलने पाठवायची म्हणून मोडेम बसवला. मग आलेख छापायचे म्हणून स्कॅनर घेतला, तर त्याच्यासोबत त्याचं स्वतःचं एक कार्ड आलं. मग आमचा भाचा पॉलिटेक्निकसाठी राहायला आला आणि म्हणाला, "मामी, साउंड कार्ड नसलेला कॉम्प्युटर म्हणजे काय कॉम्प्युटर?" ह्यांनी लगेच साउंड कार्ड आणलं. मी लग्नानंतर इतकी वर्षं ओव्हन मागत होते, ती गोष्ट वेगळी.

आणि एके दिवशी ते माऊस-मोडेमचं सुरू झालं.

मी आधी मोडेम ज्याच्याकडून घेतला त्याला फोन केला. फोन अर्थातच मोडेमची वायर काढून करावा लागला.

"मोडेम एकदम ओके आहे मॅडम. माऊस बघा."

माऊसवाल्याला फोन केला.

"माऊस कसा खराब होईल? तुम्हीच म्हणताय मोडेम काढला की चालतो. मोडेम बघा."

असेंबल करणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "साउंड कार्ड माझ्याकडून घेतलंय का? नाही ना? मग ते बघा." साउंड कार्डवाला म्हणाला स्कॅनर बघा. स्कॅनरवाला म्हणाला, "आर्थिंग बघा." आर्थिंग बघायला इलेक्ट्रिशियन आला, त्याने भिंतीतल्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला आणि म्हणाला, "लाईट तर येतोय. कॉम्प्युटर बघा."

या सगळ्यातली वाईट गोष्ट अशी की सगळे खरं बोलत होते. मोडेम एकटा ठेवला की उत्तम. माऊस एकटा ठेवला की सालस. साउंड कार्ड एकटं असताना असं गायचं की शेजारी दाद द्यायला यायचे. पण दोघांना एका डब्यात घातलं की संपलं. घरोघरी जे असतं तेच.

पडद्यावर डिव्हाइस मॅनेजर नावाची एक खिडकी असते. तिथे भांडण झालेल्या कार्डापुढे पिवळ्या गोलात उद्गारचिन्ह दिसतं, असं भाच्याने पुस्तकात वाचलं होतं. आम्ही खिडकी उघडली. चिन्ह नव्हतं. उलट मोडेमपुढे लिहिलं होतं की हे उपकरण व्यवस्थित काम करत आहे. माऊसपुढेही तेच. "मामी, कागदोपत्री काही प्रॉब्लेम नाहीये," भाचा म्हणाला. मी महानगरपालिकेच्या हद्दीत जन्मलेली बाई. कागदोपत्री प्रॉब्लेम नाही म्हटल्यावर प्रॉब्लेम किती मोठा आहे ते मला लगेच कळलं.

शेवटी मी कॅबिनेट उचललं, नायलॉनच्या पिशवीत घातलं आणि गोवंडीहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड अशी निघाले. हार्बरच्या लेडीज डब्यात समोरच्या बाईंनी पिशवीकडे बघून विचारलं, "काय आहे हो यात?"

"कॉम्प्युटर. बिघडलाय."

"काय होतंय?"

"माऊस बंद पडतो."

"मग माऊस न्यायचा ना. एवढं धूड कशाला काढलंत?"

कुर्ल्यापर्यंत मला यावर उत्तर सुचलं नाही. दुकानात मुलाने कॅबिनेट उघडलं, आत साठलेली देवनारची धूळ बघून दोन पावलं मागे सरला, मग ब्रशने साफ करून त्याने मशीन चालू केलं. सगळं झक्क चाललं. "बघा! काही नाही झालंय." मी म्हटलं, मोडेम लावून दाखवा. तर दुकानात टेलिफोनची लाईन एकच, आणि ती मालकांच्या कानाला. मालक फोनवर कुणालातरी 'तुमचा मॉनिटर बघा' असं सांगत होते. मी ते धूड घेऊन परत आले.

आमच्या वरच्या मजल्यावर अणुशक्तीनगरातून निवृत्त होऊन आलेले एक काका राहत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली टीडीसी-१२ नावाचा संपूर्ण देशी कॉम्प्युटर तयार झाला, म्हणजे आमच्या घरापासून बसने काही स्टॉपांवर. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. काकांना तो जवळून माहीत होता, आणि त्यानंतर आलेला कुठलाही कॉम्प्युटर त्यांच्या लेखी पोरकट होता. ते चष्मा पुसत खाली आले, उघड्या कॅबिनेटमध्ये डोकावले आणि म्हणाले, "सूनबाई, हा इंटरप्टचा घोळ आहे. तुझ्या दोन्ही कार्डांची आयआरक्यू चार आहे."

मी हातातलं लाटणं ठेवलं. काका समजावू लागले.

"असं समज, घरात बाई एकटी. ती म्हणजे प्रोसेसर. ती पोळ्या लाटतेय. दाराला बेल आहे. कुणी आलं की बेल वाजते, बाई लाटणं ठेवते, दार उघडते, काय हवं ते देते, आणि परत येऊन पोळी जिथे सोडली होती तिथून पुढे लाटते. याला इंटरप्ट म्हणतात."

"याला सोमवार म्हणतात," मी म्हटलं.

काकांनी दुर्लक्ष केलं. म्हणाले, १९८१ साली पहिला आयबीएम पीसी आला, त्यात ८२५९ नावाची एक चिप होती. तिच्याकडे बेलची बटणं आठ. प्रत्येक बटणाला नंबर, शून्य ते सात. हा नंबर म्हणजेच आयआरक्यू. शून्य नंबरवर घड्याळ: ते सेकंदाला अठरापेक्षा जास्त वेळा बेल वाजवतं आणि सांगतं, वेळ पुढे गेली. एक नंबरवर कीबोर्ड: तो कळ दाबली की एकदा वाजवतो आणि कळ सोडली की पुन्हा एकदा. मी दिवसभर लोकसंख्येचे प्रबंध टाईप करायची. 'फर्टिलिटी' या शब्दाची इंग्रजी अक्षरं नऊ, म्हणजे नुसत्या एका फर्टिलिटीसाठी अठरा वेळा बेल. प्रोसेसरच्या जागी मी असते तर दुसऱ्याच प्रकरणात कुटुंबनियोजनाचा निर्णय घेऊन मोकळी झाले असते.

पुढे आठ बटणं पुरेनात. म्हणून १९८४ मध्ये पीसी-एटी काढताना आणखी एक तशीच चिप लावली. पण लावली कुठे, तर पहिल्या चिपच्या दोन नंबरच्या बटणाला टांगली. त्यामुळे आठ ते पंधरा हे नंबर दोन नंबरच्या दारातून आत येतात. मान मात्र नंबराप्रमाणे: शून्याचा सगळ्यात आधी, मग एकचा, मग दोनचा. आता दोनच्या दारातून आठ ते पंधरा येणार, म्हणजे त्यांची कामं तीन, चार, पाच, सहा आणि सातच्या आधी उरकणार. तीन नंबर बिचारा जन्मापासून रांगेत उभा, आणि पंधरा नंबर मागून येऊन दोनच्या वशिल्याने पुढे. काका हे अगदी गंभीरपणे सांगत होते. ह्यांनी मात्र मान डोलावली. हे सरकारी नोकरीत होते.

"आणि सात?" भाच्याने विचारलं.

सातची गोष्ट तर फारच करुण. कधी कधी बेल वाजते, पण 'कोण आहे?' विचारेपर्यंत बाहेर कुणीच नसतं. वायरीवर क्षणभर काहीतरी खडखडून गेलेलं असतं. अशा वेळी ती चिप गोंधळते आणि सरळ सात नंबरचं नाव घेते. म्हणजे बेल वाजवून पळालं कुणीही, केस सातवर. सातवर कोण, तर प्रिंटर. तो तर बऱ्याचदा बेल वाजवतच नाही. त्याला कुणीतरी येऊन 'झालं का, झालं का' असं विचारत राहावं लागतं.

"पण माझ्या माऊसचं काय?"

माऊस होता पहिल्या सिरिअल पोर्टवर, म्हणजे कॉम वनवर. कॉम वनची बेल चार नंबर. मोडेम बसवला होता कॉम थ्रीवर. कॉम थ्रीची बेलही चार नंबर. कॉम टू आणि कॉम फोर यांची तीन नंबर. मूळ योजना आखणाऱ्यांना वाटलं असणार की दोघं काही एका वेळी येणार नाहीत. "म्हणजे हे नियोजन करताना त्यांच्या घरी पाहुणे आले नव्हते," मी म्हटलं.

मग दोघांनी वेगवेगळ्या वेळी का वाजवू नये? तर त्या जुन्या कार्डांची रीत अशी की बेल दाबण्याचा तेवढा क्षण मोजायचा. एकदा ट्रिंग झालं की झालं. आता मोडेमने बटणावर अंगठा ठेवला आणि तो काढलाच नाही, आणि त्यावर माऊसने येऊन अंगठा ठेवला, तर नवं ट्रिंग होणार कसं? बेल आधीच दाबलेली आहे. माऊस बाहेर उभा राहून दाबतोय, दाबतोय, आत कुणाला पत्ता नाही. बाईला वाटतं, मघाचाच मोडेम असेल.

काकांनी जाता जाता मला धीर दिला. म्हणाले, एड्सगर डायक्स्ट्रा नावाच्या मोठ्या डच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये आपला प्रबंध याच विषयावर लिहिला, एक्स-वन नावाच्या यंत्राच्या इंटरप्टवर. आणि सुरुवातीला तो स्वतःच या प्रकाराला घाबरला होता. कारण बेल कधी वाजेल त्याचा नेम नाही, आणि त्यातून झालेली चूक पुन्हा तश्शीच करून दाखवता येत नाही. मला बरं वाटलं. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात माझी चूक पुन्हा करून दाखवता आली नव्हती, तशी ती हॉलंडमध्येही आली नसती. फक्त तो प्रबंध टाईप करणाऱ्या बाईचं नाव काकांना ठाऊक नव्हतं.

निदान झालं होतं. आता उपाय सोपा: एकाची बेल बदलायची. कार्डावर दोन दोन काड्यांच्या जोड्या असतात आणि त्यांच्यावर मुंगीएवढ्या काळ्या टोप्या. त्यांना जम्पर म्हणतात. टोपी या काड्यांवरून त्या काड्यांवर सरकवली की नंबर बदलतो. ती चिमट्याने काढावी लागते, आणि चिमट्यातून निसटली की ती कुठेही सापडत नाही. आमची एक टोपी पोह्यांत सापडली. सासूबाई म्हणाल्या, "मोहरी करपलीय." 

भाच्याने मोडेम कॉम फोरवर टाकला, म्हणजे तीन नंबरवर. तिथे कॉम टू. कॉम टूला काहीच जोडलेलं नव्हतं, तरी त्याने बेलवरचा हक्क सोडला नाही. कुलूप लावून गावी गेलेला भाडेकरू जसा नावाची पाटी काढू देत नाही, तसं. मग मोडेम पाचवर. पाचवर साउंड कार्ड. आता फोन लागताना कॉम्प्युटर स्वतःच किंचाळायचा, तेही अडखळत. साउंड कार्ड सातवर न्यावं, तर सातचं नाव आधीच खराब. दहावर नेलं. दहावर स्कॅनर. स्कॅनर अकरावर नेला, तर पडदा काळा. अकरावर ग्राफिक्स कार्ड आपलं आपण जाऊन बसलं होतं, कुणालाही न विचारता. 

"साउंड कार्ड दहावरच राहू दे," मी म्हटलं, "स्कॅनर काढून टाकू."

"मामी, दहावर गेम चालत नाही. त्याला पाच किंवा सातच माहितीये."

"मग गेम काढून टाक."

यावर घरात दोन दिवस अबोला झाला. कार्डांमधला संघर्ष माणसांत आला, की जम्पर कुठले बदलायचे ते कुठल्याच पुस्तकात दिलेलं नसतं.

१९९५ पासून 'प्लग अँड प्ले' नावाची सोय आली होती. कार्ड नुसतं खोचायचं, नंबर ते आपापसांत ठरवतील. जगभरचे लोक तिला 'प्लग अँड प्रे' म्हणत. आमच्या घरी त्यातला दुसरा भाग सासूबाईंकडे होता. त्या रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की उदबत्ती कॅबिनेटवरूनही ओवाळत. आत पंखा होता, तो धूर ओढून घ्यायचा. मोडेम सोडून बाकी सगळ्यांना चंदनाचा वास लागला होता.

ही फजिती आपल्यासारख्यांचीच होते असं मला वाटायचं. पण पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९८ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चाललं होतं. त्यांच्या सहकाऱ्याने सर्वांसमोर स्कॅनर जोडला, आणि पडदा निळा पडला. स्कॅनरच! भाच्याने ती बातमी मला वाचून दाखवली तेव्हा मी देवाला हात जोडले. तिथे निदान प्रेक्षक हसले. आमच्याकडे गिऱ्हाइकं 'झेरॉक्स आहे का?' विचारून गेली.

पुढे हे प्रकरण निवळलं, म्हणजे जगापुरतं. पीसीआय नावाची कार्डं सगळीकडे आली. त्यांच्यात एक बेल अनेकांनी वाटून घ्यायची रीत आहे. बेल वाजतच राहते, आणि बाई एकेकाला विचारते, "तुमची का?" "नाही." "मग तुमची?" "हो, माझी." काम करून दिलं की तो अंगठा काढतो. तरी वाजत असेल तर पुन्हा पहिल्यापासून विचारायचं. त्याच्याही पुढे आता बटणच राहिलं नाही. कार्ड सरळ मेमरीत चिठ्ठी टाकतं, आणि एकेका कार्डाला अशा दोन हजार अठ्ठेचाळीस चिठ्ठ्यांपर्यंत मुभा. पंधरा नंबरांत आमचं घर मोडायची वेळ आली होती, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही.

पण वाटून घेण्यातही गोम आहेच. भाचा आता मोठा इंजिनिअर झालाय, लिनक्स वापरतो. त्याने मला एकदा त्याच्या पडद्यावरची ओळ दाखवली: 'आयआरक्यू सोळा: नोबडी केअर्ड.' झालं असं होतं की सोळा नंबरची बेल वाजत होती आणि त्या बेलवरचा प्रत्येक ड्रायव्हर 'आमची नाही' म्हणत होता. लिनक्स एक लाख वेळा बेल वाजू देतं. त्यातल्या नव्व्याण्णव हजार नऊशेहून जास्त वेळा कुणीच हात वर केला नाही, तर ते ही ओळ लिहितं आणि ती बेलच बंद करून टाकतं. मला त्या यंत्राचं कौतुक वाटलं. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरची गळती गेली कित्येक वर्षं चालू आहे. दुसरा मजला म्हणतो वरून येते, तिसरा म्हणतो भिंतीतून येते, चौथा म्हणतो आमच्याकडे तर पाणीच येत नाही. सेक्रेटरींना अजून कुणी एक लाख वेळा विचारलेलं नाही, म्हणून विषय सुरू आहे.

असो. तर आमच्या कॉम्प्युटरचा शेवट सांगायचा राहिला.

त्या रविवारी एका मुलीचा प्रबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि त्याचं शेवटचं प्रकरण ईमेलने परदेशातल्या मार्गदर्शकांना जायचं होतं. मी सगळ्यांना एकदम बोलावलं. लॅमिंग्टन रोडचा मुलगा आला, हार्बरला मेगाब्लॉक असल्यामुळे बसने आला, आणि दारातून आत आल्यापासून त्याचंच सांगत होता. काका वरून उतरले. भाचा होताच. हे रविवार म्हणून घरी होते आणि काहीतरी करायला हात शिवशिवत होते.

मुलाने सगळी कार्डं बाहेर काढून ओळीने मांडली. एकेक घालायचं, मशीन चालू करायचं, चालतंय का बघायचं, मग पुढचं. शास्त्रोक्त पद्धत हीच, असं काकाही म्हणाले. पण शास्त्राला लागतो धीर, आणि खोलीत माणसं पाच. मुलगा मोडेमचे जम्पर बदलत होता, तेवढ्यात काकांनी बायॉसमध्ये शिरून तो रिकामा कॉम टू बंद करून टाकला. भाच्याने साउंड कार्डचा ड्रायव्हर काढून नव्याने घातला. ह्यांनी एक्स्टेन्शन बोर्ड बदलला. तो सगळे नको नको म्हणत असताना बदलला, त्यामुळे कॉम्प्युटर मध्येच बंद पडला आणि नव्याने सुरू झाला. आणि सासूबाईंनी, आता फार झालं म्हणून, उंबऱ्यावर नारळ फोडला.

मी मोडेमला नंबर फिरवायला लावला. तो किंचाळला. मी माऊस हलवला. बाण हलला. मी पुन्हा हलवला. बाण पुन्हा हलला. प्रकरण गेलं. खोलीत अशी शांतता पसरली की बाहेर बेस्टच्या बसचा ब्रेक ऐकू आला. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"मोडेमचा जम्पर कॉम टूवर टाकला ना, त्यानेच झालं," मुलगा म्हणाला.

"मी कॉम टू रिकामा केला नसता तर तू टाकला असतास कुठे?" काका.

"ड्रायव्हर करप्ट होता," भाचा.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, बोर्ड लूज आहे," हे.

तेवढ्यात मोडेमवाल्याचा फोन आला. माझ्याकडे जुनी बाकी होती. मी सांगितलं, चालू झाला हो तुमचा मोडेम. "मी म्हटलं होतं ना मॅडम, एकदम ओके आहे!" इतके महिने बेल वाजत होती तेव्हा प्रत्येक जण सांगत होता, आमची नाही. आता बेल बंद झाली, तर आळीपाळीने प्रत्येक जण सांगत होता, मीच दार उघडलं.

वाद काकांकडे निवाड्याला गेला, कारण त्यांचा पेशा शास्त्रज्ञाचा. काकांनी डोळे मिटून विचार केला. म्हणाले, "जम्पर आपण आधी बदलून पाहिला होता, काही झालं नाही. कॉम टू मी गेल्या आठवड्यात बंद करून पाहिला होता, काही झालं नाही. ड्रायव्हर पुन्हा घातला होता, बोर्डही बदलला होता. नवीन गोष्ट एकच घडली. नारळ."

"पण काका, जम्पर आणि कॉम टू दोन्ही एकत्र पहिल्यांदाच झालं," भाचा म्हणाला.

"ते सिद्ध करायचं तर नारळ न फोडता पुन्हा सगळं उलगडून पाहावं लागेल. करायचं का?"

कुणीच हात वर केला नाही. मी कॅबिनेटला स्क्रू लावले आणि वर चिकटपट्टीने कागद डकवला: 'उघडू नये.' मुलाने घाम पुसत खिशातून बिलबुक काढलं आणि 'आयआरक्यू सेटिंग' असं लिहून आकडा टाकला. सासूबाईंनी खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि बिलात डोकावून विचारलं, "आणि आमच्या नारळाचे?"

मुलाने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा कॅबिनेटकडे पाहिलं, आणि निमूटपणे बिलातून नारळाचे पैसे वजा केले.